भूकवचाच्या अलीकडील हालचाली आणि तेल-वायूंचे साठे

रायपूर शहराच्या उत्तरेस, त्याला लागूनच, उरला ही औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, पोलादाच्या सळया तयार करणाऱ्या रोलिंग मिली आणि मालमोटारींची अखंड वर्दळ हे तिचे नित्याचे दृश्य होय. या मालमोटारींना लागणारे डिझेल मात्र फार दूरवरून आणावे लागते. उरल्याच्या जमिनीखाली काय आहे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर थोडक्यात देता येते : चुनखडक आणि शेल. छत्तीसगढच्या मैदानाखाली सुमारे ३३,००० चौ. किमी. क्षेत्रात हे गाळाचे खडक जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. त्यांतील चुनखडकावरच या प्रदेशातील सिमेंटचे मोठाले कारखाने चालतात.

आता मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमी. अंतरावरील ‘मुंबई हाय’ हे समुद्रातील क्षेत्र पाहा. तेथे तेल साठले आहे तेही प्रामुख्याने चुनखडकातच. मग एका चुनखडकातून देशाला तेल मिळावे आणि दुसऱ्यापासून फक्त सिमेंट व्हावे, असे का? खडकांच्या वयातील फरक हे या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. उरल्याखालील खडक शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे, काही त्याहूनही आधी, तयार झाले. मुंबई हायचा मुख्य तेलधारक चुनखडक मायोसीन काळातील, म्हणजे ढोबळमानाने दोन कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा आहे. परंतु केवळ वयाने प्रश्न सुटत नाही. ओमानमध्ये पन्नास कोटी वर्षांहून जुन्या खडकांत जन्मलेले तेल आजही मिळते. तेव्हा उत्तराचा उरलेला अर्धा भाग दुसरीकडे शोधावा लागतो : खडक तयार झाल्यानंतर, आणि विशेषतः अगदी अलीकडच्या काळात, भूकवचाच्या त्या तुकड्याचे काय झाले? या प्रकरणात आपण या दुसऱ्या भागाचा विचार करणार आहोत.

तेलाचा प्रवास

खनिज तेल म्हटले की जमिनीखालचे एखादे तळे डोळ्यांपुढे येते. ही कल्पना चुकीची आहे. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत असते, आणि जेथे ते सापडते तेथे ते सहसा जन्मलेले नसते. सागरातील व सरोवरांतील सूक्ष्म जीवांचे तसेच वनस्पतींचे अवशेष चिखलाबरोबर तळाशी साचतात. त्यांवर गाळाचे थर चढत जातात आणि चिखलाचा शेल बनतो. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटर खोलीला तापमान साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. शेल पुरेसा खोल गाडला जाऊन त्याचे तापमान सुमारे ६० ते १२० अंशांपर्यंत पोहोचले म्हणजे त्यातील सेंद्रिय द्रव्यापासून तेल निर्माण होते. त्याहून अधिक तापल्यास मुख्यतः वायू मिळतो. अशा खोल गेलेल्या, तापलेल्या भागाला आपण सोयीसाठी ‘भट्टी’ म्हणू.

भट्टीत तयार झालेले तेल पाण्याहून हलके असते. खडकांची छिद्रे बहुधा पाण्याने भरलेली असल्याने तेल त्यांतून वर सरकू लागते. वाटेत अडथळा आला नाही तर ते भूपृष्ठावर येऊन उडून किंवा कुजून जाते. जगात निर्माण झालेल्या तेलाचा फार मोठा भाग असाच नाहीसा झाला असला पाहिजे. परंतु वाटेत वालुकाश्मासारख्या सच्छिद्र खडकाचा थर कमानीसारखा वाकलेला असेल आणि त्यावर शेलसारख्या अभेद्य खडकाचे झाकण असेल, तर तेल त्या कमानीखाली अडकते. पाण्यात पालथ्या घातलेल्या वाटीखाली हवा अडकते, तसाच हा प्रकार आहे. वायू सर्वांत हलका म्हणून वर, त्याखाली तेल आणि तळाशी पाणी, अशी मांडणी होते. अशा जागेला भूवैज्ञानिक ‘सापळा’ म्हणतात, आणि कमानीसारख्या घडीला ‘अपनती’ असे नाव आहे. तेल अपनतींच्या माथ्याशी शोधावे, हे तत्त्व अमेरिकन भूवैज्ञानिक आय. सी. व्हाइट यांनी १८८५ मध्ये जोरदारपणे मांडले.

या वर्णनावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. भट्टी, वाट, सापळा आणि झाकण ही चारही अंगे नुसती असून भागत नाहीत. ती योग्य क्रमाने असावी लागतात. तेल निघून गेल्यावर तयार झालेला सापळा रिकामाच राहतो. वेळेवर तयार झालेला सापळाही पुढे मोडला तर त्यातील तेल जाते. म्हणून साठ्याच्या इतिहासातील शेवटचा अध्याय फार मोलाचा ठरतो.

‘अलीकडील’ म्हणजे कधी?

भूवैज्ञानिकांचे ‘अलीकडे’ आणि आपले ‘अलीकडे’ यांत अंतर आहे. भूकवचाच्या ज्या हालचालींनी आजचे डोंगर, पठारे, नद्यांची खोरी आणि किनारे घडविले त्यांना रशियन भूवैज्ञानिक व्ही. ए. ओब्रुचेव्ह यांनी १९४८ मध्ये ‘नवभूसांरचनिक’ हालचाली असे नाव दिले. त्यांचा आरंभ निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या काळी झाला असला, तरी ढोबळमानाने मायोसीनच्या उत्तरार्धापासून आजपर्यंतचा, म्हणजे गेल्या एक-सव्वा कोटी वर्षांचा काळ त्यांत मोडतो. आज होणारे भूकंप हे याच हालचालींचे चालू पान होय.

या हालचाली मंद असतात. पण मंद गतीला दीर्घ काळाची जोड मिळाली म्हणजे काय होते, हे एका साध्या गणिताने कळेल. एखादा प्रदेश वर्षाला एक मिलिमीटर वर उचलला जात असेल, तर मानवी आयुष्यात तो वीतभरही चढणार नाही. पण दहा लाख वर्षांत ही उचल एक किलोमीटर होईल. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आहे. या रेट्याने हिमालय उचलला जातो, आसामच्या टेकड्या चुरगळतात आणि द्वीपकल्पाच्या पोटातील जुन्या विभंगांवरही ताण पडतो. कोयना (११ डिसेंबर १९६७), किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) आणि जबलपूर (२२ मे १९९७) येथील भूकंपांनी हे द्वीपकल्प सर्वस्वी निश्चल नाही, याची जाणीव करून दिली.

हालचालींचे चार परिणाम

तेल-वायूंच्या साठ्यांवर या हालचालींचा परिणाम मुख्यतः चार प्रकारे होतो.

पहिला परिणाम खचण्याचा. प्रदेश खचत राहिला आणि त्यावर नवा गाळ साचत गेला, तर खालचा शेल अधिक खोल जाऊन तापतो. भट्टी पेटती राहते. कास्पियन समुद्राच्या दक्षिण भागात अलीकडच्या काळात अतिशय जलद गाळ साचला. बाकू परिसरातील मुख्य तेलधारक वालुकाश्म प्लायोसीनचे, म्हणजे केवळ काही दशलक्ष वर्षांचे आहेत, आणि वायूच्या दाबाने चिखल ओकणारे तीनशेहून अधिक चिखलज्वालामुखी अझरबैजानमध्ये आहेत. तेथील भट्टी अजून थंडावलेली नाही, याची ही उघड खूण होय.

दुसरा परिणाम उचलण्याचा. प्रदेश उचलला गेला की वरचे थर झिजून जातात. भूपृष्ठापासून तीन किलोमीटर खोल असलेला शेल दोन किलोमीटरवर आला, तर त्याचे तापमान २५-३० अंशांनी उतरते आणि तेलनिर्मिती मंदावते किंवा थांबते. शिवाय सापळ्यातील दाब सुमारे ३०० वातावरणांवरून २०० वर येतो. दाब कमी झाला की वायू फुगतो. वरील उदाहरणात त्याचे आकारमान जवळजवळ दीडपट होईल. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर पाण्यात विरघळलेला वायू बाहेर येतो, त्याप्रमाणे तेलात विरघळलेला वायूही सुटू लागतो. फुगलेला वायू खालच्या तेलाला ढकलून सापळ्याच्या काठाबाहेर सांडवतो.

असे खरोखर घडले आहे. नॉर्वेच्या उत्तरेस बॅरेन्ट्स समुद्रात १९८४ मध्ये ‘स्नोविट’ हे क्षेत्र सापडले. या नावाचा अर्थ परीकथेतील हिमगौरी. तेथे वायू विपुल निघाला. त्याखाली तेलाचा मात्र पातळसा पट्टाच होता. त्याच्याही खाली, पाण्याने भरलेल्या खडकात, पूर्वी तेथे तेल होते याच्या खुणा मिळाल्या. अलीकडच्या भूवैज्ञानिक काळात, विशेषतः हिमयुगांत, तो प्रदेश उचलला जाऊन त्यावरचे जाड थर हिमनद्यांनी खरवडून नेले होते. त्या समुद्राच्या अनेक सापळ्यांतील तेल या घडामोडींत निसटले, असा निष्कर्ष भूवैज्ञानिकांनी काढला आहे.

तिसरा परिणाम कलण्याचा. पालथी वाटी तिरकी केली की तिच्या एका काठाखालून हवेचे बुडबुडे निसटतात. दहा किलोमीटर रुंदीची पसरट अपनती केवळ एक अंशाने कलली, तरी तिच्या दोन कडांच्या उंचीत सुमारे १७५ मीटरचा फरक पडतो. अनेक साठ्यांतील तेलाच्या स्तंभाची उंची याहून कमी असते. तेव्हा डोळ्यांना न दिसणारा हा कल एक सापळा रिकामा करू शकतो आणि सांडलेले तेल चढाच्या बाजूच्या दुसऱ्या सापळ्यात नेऊ शकतो. सापळ्यांच्या ओळीत तेल व वायू यांची वाटणी कशी होते, याची उपपत्ती विल्यम गसो यांनी १९५४ मध्ये मांडली. एकाच पट्ट्यात खालच्या सापळ्यांत वायू व वरच्या सापळ्यांत तेल, असा चमत्कारिक क्रम का आढळतो, हे तिच्यामुळे समजू लागले.

चौथा परिणाम विभंगांचा व भेगांचा. हा दुधारी आहे. विभंग झाकणातून आरपार गेला आणि उघडा राहिला, तर साठा गळतो. पण त्याच विभंगाच्या दोन्ही बाजूंचे थर सरकून वालुकाश्मासमोर शेल आला, तर तोच विभंग भिंत बनून तेल अडवितो. भेगांचेही असेच आहे. इराणमधील झाग्रोस पर्वताच्या घड्या मुख्यतः गेल्या काही दशलक्ष वर्षांत वाढल्या. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे ज्या अस्मारी चुनखडकात तेल लागले, तो स्वतः फारसा सच्छिद्र नाही. परंतु घड्या पडताना त्याला असंख्य भेगा गेल्या आणि त्यांच्या जाळ्यातून तेल विहिरींकडे विपुल वाहू लागले.

अंकलेश्वर : एका जुन्या विभंगाची नवी चाल

आपल्या देशातील पहिले उदाहरण महाराष्ट्राच्या शेजारचेच आहे. गुजरातेतील खंबायतचे खोरे मूलतः भूकवच ताणले जाऊन खचल्याने तयार झाले. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरले. त्यांच्यावर या खचलेल्या द्रोणीत काळसर शेल व वालुकाश्म साचत गेले. हा शेल म्हणजे तेथील भट्टी. तेल व नैसर्गिक वायू आयोगाला १९५८ मध्ये खंबायतजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये नर्मदेच्या दक्षिणेस अंकलेश्वर येथे तेल मिळाले.

अंकलेश्वरचा सापळा मात्र ताणाने बनलेला नाही. तो दाबाने पडलेली अपनती आहे. ताणलेल्या द्रोणीत दाबाची घडी कोठून आली? नर्मदेच्या कडेने एक प्राचीन विभंगरेषा जाते. ती पूर्वेकडे शोण नदीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचते आणि छत्तीसगढच्या उत्तरेकडून पुढे जाते. द्रोणी खचत होती तेव्हा या रेषेवर एक बाजू खाली घसरत होती. पुढे भारतीय भूपट्टावरील ताणाची जागा दाबाने घेतली आणि जे विभंग पूर्वी खाली घसरत होते ते उलट वर ढकलले जाऊ लागले. पश्चिम भारतातील द्रोण्यांची घडण अशा प्राचीन रेषांवरून कशी झाली, याची सुसंगत मांडणी आयोगातील भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांनी १९८०च्या दशकात केली. अंकलेश्वरच्या घडीची मोठी वाढ मायोसीनच्या उत्तरार्धापासून पुढे झाली, असे मानले जाते. उत्तरेकडील भरूचच्या खळग्यात भट्टी पेटलेली होती आणि दक्षिणेस सापळा आकार घेत होता. दोन्ही गोष्टी एका काळात जुळून आल्या, हेच या क्षेत्राच्या यशाचे रहस्य होय.

ही चाल अजून थांबलेली नाही. २३ मार्च १९७० रोजी भरूच येथे सुमारे ५.४ महत्तेचा भूकंप झाला. म्हणजे ज्या रेट्याने अंकलेश्वरचा सापळा उभारला, त्याच जातीचा रेटा आजही त्या परिसरात कार्य करीत आहे. सापळा घडविणारी आणि घरे पाडणारी शक्ती वेगवेगळी नाही.

आसाम आणि ज्वालामुखी : टिकलेले व गळणारे

दुसरे उदाहरण आसामचे. दिग्बोई येथे १८८९ मध्ये सुरू झालेल्या विहिरीने भारताच्या तेलउद्योगाचा पाया घातला. १९०१ मध्ये तेथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. दिग्बोईची अपनती नागा टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या उत्क्षेप विभंगावर स्वार झालेली आहे. या विभंगावरून जुने खडक मैदानाच्या दिशेने रेटले जात आहेत. अशा ठिकाणी झाकणाला भेगा पडणे अपरिहार्यच असते. म्हणूनच या परिसरात जंगलात तेल पाझरताना दिसे, आणि त्या पाझरांनीच शोधकांना तेथे आणले. येथे गळती ही हानीही होती आणि खूणही.

मैदानातील नहारकटिया हे क्षेत्र याहून वेगळे आहे. तेथील खडक जाड गाळाखाली झाकलेले असून भूपृष्ठावर त्यांची काहीच चाहूल लागत नाही; कंपनमापनाच्या साहाय्याने १९५३ मध्ये तेथे तेल सापडले. त्याआधी तीनच वर्षे, १५ ऑगस्ट १९५० रोजी, वरच्या आसामाला ८.६ महत्तेच्या भूकंपाने हादरविले होते. डोंगर कोसळले, नद्यांनी पात्रे बदलली. परंतु भूगर्भातील तेल जागच्या जागी राहिले. यावरून बोध घ्यायचा तो असा की, एखादा भूकंप कितीही भीषण असला तरी तेवढ्यानेच खोल साठा रिता होतो असे नाही. तो रिता होतो तो लक्षावधी वर्षे त्याच विभंगावर होत राहिलेल्या सरकण्याने.

हिमाचल प्रदेशातील ज्वालामुखी येथे भाविक ज्या ज्योतींचे दर्शन घेतात, त्या खडकांच्या भेगांतून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या आहेत. हिमालयाच्या पायथ्याचे अगदी तरुण विभंग येथून जातात, आणि १९०५ मधील कांगड्याचा विनाशकारी भूकंप याच परिसरातला. आयोगाने १९५७ मध्ये आपली पहिली विहीर येथेच खोदली. वायू मिळाला, पण व्यापारी उत्पादनास पुरेसा साठा हाती आला नाही. पृष्ठभागावर वायू दिसणे हा भूगर्भात भट्टी असल्याचा पुरावा आहे. पण साठा शिल्लक असल्याचा तो पुरावा नव्हे. कित्येकदा तो साठा गळून जात असल्याचाच पुरावा असतो.

मुंबई हाय : झाकण शाबूत राहिले

आता पुन्हा अरबी समुद्राकडे वळू. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदजहाजाने मुंबई हाय येथे तेल शोधून काढले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. समुद्रतळाखाली पुरलेली एक जुनी, कठीण खडकांची टेकडी या क्षेत्राच्या बुडाशी आहे. तिच्याभोवतीच्या खळग्यांत पॅलिओसीन व इओसीन काळांत सेंद्रिय द्रव्याने समृद्ध शेल साचले. टेकडी समुद्रात बुडत गेली तशी तिच्यावर मायोसीन काळातील चुनखडक पसरला. मधूनमधून तो उघडा पडला, पावसाच्या पाण्याने काही अंशी विरघळला आणि सच्छिद्र झाला. मग त्यावर शेलचे जाड झाकण बसले.

हा भाग पुढच्या काळात शांतच राहिला असे नाही. सह्याद्री व कोकण उंच राहून झिजत गेले आणि बाहेरील समुद्रतळ गाळाच्या भाराखाली खचत गेला. या खचण्याने खळग्यांतील भट्ट्या पेटत्या राहिल्या. परंतु आसामप्रमाणे येथे थर चुरगळले नाहीत, किंवा बॅरेन्ट्स समुद्राप्रमाणे झाकण खरवडले गेले नाही. खचणे पुरेसे आणि मोडतोड मर्यादित, असा हा मेळ होता. वसई, हिरा, पन्ना, रत्ना ही शेजारची क्षेत्रेही याच किनारी द्रोणीतली. उरणच्या किनाऱ्यावर समुद्रातून नळांवाटे येणारे तेल व वायू या मेळाचे फळ आहे.

कोकणातच याच्या उलट बाजूही पाहता येते. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी उन्हाळ्यांची एक माळ किनाऱ्याला समांतर गेलेली आहे. खोल भेगांतून गरम पाणी वर येते, तेव्हा येथे भूकवचात वाटा उघड्या आहेत हे स्पष्ट होते. पण वाटा असल्या तरी त्यांतून यायला तेल हवे. कोयनेच्या परिसरातील विहिरींत काळा पाषाण संपताच थेट ग्रॅनाइटी पायाचा खडक लागला; किल्लारीच्या विहिरीत सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली गाळाचा थर मिळाला तो अवघा ८ मीटरांचा. विभंग आहे, भूकंप आहे, पण भट्टीच नाही. भूकंपाचा प्रदेश म्हणजे तेलाचा प्रदेश, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

शोधकाला याचा उपयोग

सपाट मैदानात भूगर्भातील हळूहळू उचलणारी अपनती डोळ्यांना दिसत नाही. नदीला मात्र ती जाणवते. उचलणाऱ्या भागाला वळसा घालणारे पात्र, एखाद्या ठिकाणी एकाएकी वाढलेली नागमोड, दोन्ही काठांवर असमान उंचीच्या पूरमंचांच्या पायऱ्या, मध्यापासून सर्व बाजूंना वाहणारे ओढे, या सर्व खुणा नकाशांवरून, विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून व उपग्रहांच्या प्रतिमांवरून टिपता येतात. अचूक समतलमापन आणि उपग्रहांच्या साहाय्याने होणारे स्थाननिर्धारण यांमुळे वर्षाला काही मिलिमीटरची हालचालही मोजता येते. या खुणांवरून प्रथम संशयित जागा निवडायच्या, मग कंपनमापनाने खालचे थर रेखाटायचे आणि शेवटी विहीर खोदायची, असा क्रम असतो. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पाच भागांतील चार भागांहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. म्हणून कोरडी जाणारी प्रत्येक विहीर टाळणे ही चैन नसून गरज आहे.

परंतु केवळ उचल सापडली म्हणून विहीर खोदणे धोक्याचे ठरते. उचल फारच नवी असेल, तर ती तेलाचा ओघ संपल्यानंतरची असू शकते. म्हणून अनुभवी भूवैज्ञानिक तीन प्रश्न याच क्रमाने विचारतो : तेल केव्हा निघाले? सापळा केव्हा तयार झाला? आणि त्यानंतर काय घडले?

तेल काढताना माणूसही भूगर्भातील समतोल बदलतो, हे येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकेत लाँग बीच येथील विल्मिंग्टन क्षेत्रातून तेल उपसल्याने मध्यभागी जमीन सुमारे ९ मीटर खचली. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून खडकात पाणी भरू लागल्यावर ही खच आटोक्यात आली. उझबेकिस्तानातील गाझली वायुक्षेत्राजवळ १९७६ मध्ये एप्रिल व मे या दोन महिन्यांत सुमारे ७ महत्तेचे दोन भूकंप झाले आणि १९८४ मध्ये तिसरा. वायू उपसण्याशी त्यांचा संबंध होता का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध येऊ शकतो, हे कोयनेमुळे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. म्हणून सक्रिय विभंगाजवळच्या क्षेत्रात विहिरींची आखणी, नळांची वाट आणि दाबाची राखण या गोष्टी त्या विभंगाची चाल ध्यानात घेऊनच ठरवाव्या लागतात.

पुन्हा उरल्याकडे

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. उरल्याखालच्या खडकांत शेल आहे, चुनखडक आहे, आणि त्या चुनखडकांत काही ठिकाणी प्राचीन सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांच्या खुणाही आहेत. थर फारसे वाकलेले नाहीत, मोठी मोडतोड नाही. वरवर पाहता ही शांतता साठ्याला अनुकूल वाटेल. पण तिची दुसरी बाजू अशी की, येथे नव्या हालचालींनी नवी भट्टी पेटविलेली नाही. हे प्राचीन खडक आज भूपृष्ठावर उघडे आहेत. त्यांवर नवा गाळ साचत नसून तेच झिजत आहेत. तेव्हा येथे कधी काळी तेल निर्माण झालेच असेल, तर ते कोट्यवधी वर्षे अखंड झाकणाखाली राहिले पाहिजे. ओमानमध्ये मिठाचे जाड थर असे झाकण पुरवितात. राजस्थानात बिकानेरच्या बाजूला बाघेवाला येथे १९९१ मध्ये प्राचीन खडकांत जड तेल मिळाले. म्हणून भारतातील अतिप्राचीन द्रोण्यांचा शोध व्यर्थ आहे, असे म्हणता येत नाही. छत्तीसगढची द्रोणीही देशाच्या गाळाच्या द्रोण्यांच्या यादीत आहे. पण पूर्वीच्या वर्गीकरणात तिचे स्थान जेथे साठ्यांची शक्यता केवळ तुलनेने मांडली जाई, अशा द्रोण्यांमध्ये होते.

साठा म्हणजे कोठारात भरून ठेवलेले धान्य नव्हे. भट्टीतून येणारा ओघ आणि झाकणातून होणारी गळती यांच्यामधला तो एक तात्पुरता समतोल आहे. तात्पुरता म्हणजे लक्षावधी वर्षांचा, तरीही तात्पुरताच. अंकलेश्वरला भूकवचाच्या हालचालीने हा समतोल घडविला, ज्वालामुखीला ती तो मोडीत आहे, मुंबई हायला तिने तो सांभाळला, आणि उरल्याला ती फिरकलीच नाही. लक्षावधी वर्षांच्या या समतोलातून आपण जे तेल काढतो, ते काही दशकांत संपवितो. कोणत्याही वेगवान भट्टीला ते आपल्या हयातीत भरून देता येणार नाही, हे ध्यानात ठेवूनच त्याचा वापर झाला पाहिजे.